हरेश्वरभाऊंच्या थेटरातली डबी

डबी माझ्या टेबलावर पडली होती. काडेपेटीहून जरा मोठी, पत्र्याची, दोन्ही बाजूंनी वायरींचे कापलेले तुकडे लोंबत असलेली. ती चिंचणीला, एका घरात, टीव्हीच्या मागे असायला हवी होती. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि मी अजून पर्ससुद्धा खुंटीला अडकवली नव्हती.

"मास्तर, ही डबी इथं कशी?"

मास्तर म्हणजे आमच्या दुकानाचे मालक. बोईसर स्टेशनजवळ आमचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. पूर्वी ते रेडिओ दुरुस्तीचे क्लास घ्यायचे, म्हणून मास्तर. मी त्यांची एकुलती एक मेकॅनिक. नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. दुकानात येणारा प्रत्येक माणूस मला बघून आधी "मिस्त्री कुठाय?" असं विचारायचा, आणि मी दर वेळी हातातलं सोल्डरिंग आयर्न वर करून दाखवायची.

"ती होय," मास्तर कपात चहा ओतत म्हणाले, "काल तू पालघरला शाळेचा लाउडस्पीकर बघायला गेलीस ना, तेव्हा चिंचणीचा हरेश्वर आला होता. अँप्लिफायर, वायरी सगळं घेऊन. म्हणे, व्हीसीपीवर कॅसेट लावली की नवा वूफर घुमतो आणि टीव्हीचा आवाज लावला की बेस येतच नाही. मी तपासलं. तुझी ती डबी बेस खात होती. काढली, डायरेक्ट वायर जोडून दिली. आपल्या दुकानातल्या टीव्हीवर लावून ऐकवलं. खूश होऊन गेला."

"त्याचा टीव्ही आणला होता त्यानं?"

"टीव्ही कशाला आणेल? टीव्ही चांगला आहे त्याचा."

"मास्तर, त्याच्या टीव्हीत ट्रान्सफॉर्मर नाही."

मास्तर व्हॉल्व्हच्या रेडिओंच्या काळातले, आणि ते रेडिओही पुष्कळदा बिनट्रान्सफॉर्मरचे असायचे. त्यांना पुढचं काही सांगावं लागलं नाही. कप हातात तसाच राहिला.

तुम्हाला मात्र सांगायला हवं. आपल्या घरात वीज दोन तारांतून येते. एका तारेत करंट, तिला फेज म्हणतात. दुसरी न्यूट्रल. चांगल्या सेटमध्ये ही वीज आधी एका मोठ्या ट्रान्सफॉर्मरमधून जाते आणि आतलं सगळं काम त्या तारांपासून वेगळं राहतं. पण त्या काळी स्वस्तातले ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही बनवताना हा ट्रान्सफॉर्मर गाळायचे. वजन कमी, किंमत कमी. मग सेटचा आतला लोखंडी सांगाडा, आम्ही त्याला चासी म्हणतो, तो सरळ विजेच्या एका तारेला जोडलेला असायचा. दोन पिनांचा प्लग एका बाजूनं घातला तर चासी न्यूट्रलवर, काही होत नाही. तोच प्लग उलटा करून घातला की अख्खी चासी फेजवर. दोनशे तीस व्होल्ट. सेटची पेटी प्लास्टिकची, बटणं प्लास्टिकची, म्हणून घरात कोणाला पत्ताही लागत नाही.

पण त्या सेटमधून आवाजाची वायर बाहेर काढली, की त्या वायरीतली एक तार चासीचीच असते. ती जिथं जाईल तिथं चासी जाते. हरेश्वरच्या घरी ती आमच्या दुकानात बनवलेल्या अँप्लिफायरला जात होती, आणि त्याचा पुढचा चेहरा सबंध ॲल्युमिनियमचा होता.

मधे होती ती डबी. तिच्यात लोखंडाच्या तुकड्यावर तांब्याच्या दोन गुंडाळ्या. एकमेकींना न चिकटणाऱ्या. आवाज चुंबकाच्या वाटेनं पलीकडे जातो, करंट अलीकडे राहतो. डबी लहान, लोखंड कमी, म्हणून खालचा जाड आवाज तिच्यातून नीट जात नाही. मला ते ठाऊक होतं. मी ते चालवून घेतलं होतं.

"प्लग सुलटा असेल तर काही होणार नाही," मास्तर म्हणाले. आवाज उतरला होता.

"आणि उलटा असेल तर?"

"आपण दुपारी जाऊ. पूजा आटोपली की लगेच..."

"कसली पूजा?"

"नव्या वूफरची. आज पुनव आहे ना. दर्याला पाणी भरलं की पूजा, म्हणाला. आपल्या दोघांना बोलावलंय."

दुपारपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. कारण त्या घरची पूजा मी एकदा पाहिली होती.

हरेश्वर तांडेल होता, म्हणजे होडी चालवणारा, होडीवरच्या माणसांचा मुख्य. त्या घरात कुठलंही यंत्र आलं की त्याची पूजा होडीच्या इंजिनासारखी व्हायची. इंजिन बंद ठेवून पूजा करायची नाही, चालू करूनच करायची. भरतीच्या वेळी घरच्या कर्त्यानं दर्यात कमरेपर्यंत उतरून तांब्याभर खारं पाणी आणायचं, यंत्रावर शिंपडायचं, त्याच ओल्या हातानं यंत्राला हात लावून कपाळाला लावायचा. मग घरातल्या प्रत्येकानं तेच करायचं. अनवाणी, पाय धुऊन, शेणानं सारवलेल्या ओल्या जमिनीवर उभं राहून. दोन वर्षांपूर्वी अँप्लिफायर बसवायला गेले तेव्हा त्यांनी असंच पाणी शिंपडलं होतं आणि मी इतकी तडकले होते की हरेश्वरची आई महिनाभर माझ्याशी बोलली नव्हती.

माणूस मारायचा असेल, तर याहून पक्की व्यवस्था मला आजही सुचणार नाही.

"फोन लावा," मी म्हणाले.

हरेश्वरच्या गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान होतं, तिथं फोन होता. मास्तरांनी चार वेळा फिरवला. एकदा नुसती खरखर, तीनदा तीही नाही. मी टेस्टर, पक्कड, वायरीचं बंडल आणि टेस्ट लॅम्प पिशवीत कोंबला. टेस्ट लॅम्प म्हणजे होल्डरमध्ये साठ वॅटचा बल्ब आणि त्याला दोन मोकळ्या वायरी, बस. मग रस्ता ओलांडून मासळीबाजारात गेले. तिथं तारापूर बाजूची एक बाई रोज बसायची.

"मावशी, आज पाणी कितीला भरतं?"

"आज पुनव. बाराच्या पुढं भरंल." तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "कय झालं गो?"

"पूजेला दर्याचं पाणी आणतात, ते भरल्यावर ना?"

"नाय नाय. चढतं पानी घ्यायचं. एकदा भरलं का उतराय लागतं. उतरतं पानी पूजेला कोण घेतंय? साडेअकरालाच जातात."

पावणेअकरा होत आले होते. चिंचणीची एसटी नुकतीच सुटली होती, पुढची बाराला. नाक्यावर एक टेम्पो उभा होता, मागे रिकामे ड्रम भरलेले. मी ड्रायव्हरला विचारलं.

"तारापुर तक जाऊँगा," तो म्हणाला.

"चिंचणी तक चलो. किसी की जान का सवाल है."

त्यानं माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या बल्बकडे पाहिलं. "मैडम, डॉक्टर हो क्या?"

"रेडिओ मेकॅनिक."

त्यानं शेजारच्या सीटवरचं फडकं बाजूला सारलं. "बैठो," म्हणाला.

टेम्पोत बसल्यावर करण्यासारखं काही नव्हतं. ड्रम आपटत होते आणि मला ते अख्खं थेटर डोळ्यांसमोर दिसत होतं. हरेश्वर त्याला थेटरच म्हणायचा. होड्या वर ओढल्या की दर्याची सुट्टी, नारळी पुनवेपर्यंत माणसं घरी. त्या सुट्टीच्या तोंडावर तो दर वर्षी दुकानात यायचा आणि म्हणायचा, "बाय, या वर्षी एकच नग. काय घेऊ ते सांग." एका वर्षी एक वस्तू, हा त्याचा नियम. त्याची ऐपत तेवढीच होती आणि माझ्या मते त्याची अक्कलही त्यातच होती. एकदम सगळं घेणारे लोक पुढे दोन वर्षं तक्रारी घेऊन येतात.

टीव्ही घरात होताच. पहिल्या वर्षी जुना व्हीसीपी घेतला. दुसऱ्या वर्षी अँप्लिफायर आणि दोन पेट्या. तिसऱ्या वर्षी मागच्या भिंतीला दोन छोटे स्पीकर. त्याला वेगळा अँप्लिफायर परवडणार नव्हता, म्हणून मी आमच्या धंद्यातली एक जुनी युक्ती केली. मागचे स्पीकर डाव्या आणि उजव्या चॅनेलच्या नुसत्या दोन प्लस तारांमधे जोडले. दोन्हीकडे सारखा असलेला आवाज, म्हणजे माणसांचं बोलणं, तिथं वजा होतो. दोन्हीकडे वेगळा असलेला, वारा, गर्दी, पाणी, तेवढाच मागून ऐकू येतो. फुकटात सराउंड. पहिल्यांदा लावलं तेव्हा पडद्यावर वादळ चालू होतं. हरेश्वर झटकन मागे वळला.

"बाय, लाट मागून आली," तो म्हणाला. मग स्वतःशीच हसला, पण पुढची दहा मिनिटं पाठ भिंतीला टेकवूनच बसला होता.

आणि या वर्षी वूफर. त्याची पेटी माझ्या सांगण्यावरून त्यानं होडी बांधणाऱ्या सुताराकडून करून घेतली. वूफरची पेटी हवाबंद लागते, फटीतून हवा गेली की बेस गेला. ज्या सुताराच्या सांध्यातून दर्या आत येत नाही त्याच्या सांध्यातून हवा काय जाणार? त्यानं फटींत कापूस ठासून वर राळ भरली होती. तसली पेटी मी मुंबईच्या दुकानांतही पाहिली नाही. तिच्यापायीच त्याला टीव्हीतूनही बेस हवा झाला. दर रविवारी गल्लीतली माणसं त्याच्याकडे सिनेमा बघायला जमायची, आणि तो सिनेमा कॅसेटवर नाही, दूरदर्शनवर लागायचा.

टीव्हीला वायर जोडून देणारी मीच. डबी लावणारीही मीच. फक्त ती का लावली, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. हरेश्वरला नाही आणि मास्तरांनाही नाही. गिऱ्हाइकाला कशाला घाबरवायचं, हे एक. आणि खरं सांगायचं तर, आपल्याला कळतं आणि लोकांना कळत नाही यात मला तेव्हा जरा मजाच वाटायची. टेम्पोत ती मजा मला चांगलीच भोवत होती.

कारखान्यांच्या पट्ट्यात एक टँकर वळताना रस्त्यात आडवा झाला. मागे-पुढे, मागे-पुढे. सगळे हॉर्न वाजवत होते. मी उतरून चालायला लागणार होते, पण चालून काय होणार? ड्रायव्हर म्हणाला, "मैडम, बैठे रहो, गुस्से से टँकर नहीं हटता." बारा मिनिटं गेली. मी घड्याळाकडे बघत नव्हते असं नाही, बघून बघून काटा दिसेनासा झाला होता.

तारापूर सोडून खाडीच्या पुलावर आलो तेव्हा मला घड्याळाची गरज उरली नाही. खाडी जवळजवळ भरली होती. काठाला हातभर चिखलाचा पट्टा तेवढा उघडा होता आणि पाणी अजून आत चाललं होतं. चढतं पाणी.

किराणा दुकानाशी टेम्पो थांबला. मी उडी मारली. गल्लीत संगीत ऐकू येत होतं. म्हणजे यंत्र चालू होतं. खालचा जाड आवाज पायांना जाणवत होता, आणि एरवी मी अभिमानानं उभी राहून ऐकला असता. मी धावत सुटले.

हरेश्वरच्या घरासमोर पोचले तेव्हा समोरून, किनाऱ्याच्या वाटेनं, तो येत होता. कमरेखाली चिंब. अनवाणी. दोन्ही हातांत तांब्या, काठोकाठ भरलेला.

"हरेश्वरभाऊ, थांबा! यंत्राला हात लावू नका!"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मान हलवली. चालत राहिला.

मला वाटलं ऐकू गेलं नाही. मी आणखी मोठ्यानं ओरडले. त्याची बायको हिरा दारातून धावत बाहेर आली आणि माझ्या तोंडावर हात धरला.

"बाय, ओरडू नको. तेंच्या हातात पानी हाय. पानी आणताना बोलायचं नाय, थांबायचं नाय, वाटेत ठेवायचं नाय."

"अगं, आत करंट आहे!"

"पूजा होऊ दे, मग बोल."

तोवर हरेश्वर पायरी चढला होता. मी त्याला आडवं जाऊ शकत होते. तांब्या हिंदकळला असता, पाणी सांडलं असतं, आणि तो मला ढकलून पुन्हा दर्यावर गेला असता. किंवा तसाच पुढे गेला असता. आत दारातून दिसत होतं. सारवलेली ओली जमीन, टेबलावर अँप्लिफायर, त्याच्या ॲल्युमिनियमवर हळदकुंकू, शेजारी ती राळ भरलेली पेटी, टीव्हीवर चित्र. आई, भाऊ, भावाची बायको ओळीनं उभे, सगळ्यांचे पाय ओले.

मीटर ओटीवर होता. त्याच्याखाली लोखंडी मेन स्विच. मी हिराचा हात झटकला, ओटीवर चढले आणि स्विचचा दांडा दोन्ही हातांनी खाली ओढला. तो गंजला होता. पहिल्यांदा हललाच नाही. मी एक पाय भिंतीला लावून सगळ्या वजनानं ओढला.

संगीत तुटलं.

आत पाणी शिंपडल्याचा आवाज आला. मी दारात गेले. हरेश्वरचा ओला तळवा अँप्लिफायरच्या चेहऱ्यावर टेकलेला होता. सपाट, पाचही बोटं. त्यानं हात उचलला, कपाळाला लावला आणि वळला.

मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. रडू येत होतं, पण त्याला वेळ मिळाला नाही.

"मेन कोणी बंद केला?" हरेश्वरनं विचारलं. आता त्याला बोलायला मोकळीक होती.

"मी."

आजी पुढे आल्या. हरेश्वरची आई, ठेंगणी, कडक. "पूजेत इंजिन बंद पडलं तर ती होडी आमी दर्यात घालत नाय, ठाऊक हाय तुला? ठाऊक हाय ना? चार वर्सं पोरानं एकेक वस्तू जमवली आनि तू येऊन अपशकुन केलास. सकाळपासून कसं थरथरत व्हतं यंत्र, इंजिनासारखं!"

"थरथरत होतं म्हणजे?"

"हात लावला का झिणझिण येत व्हती. पार कोपरापर्यंत."

"आजी, तुम्ही तेव्हा कशावर उभ्या होतात?"

"पाटावर. दिवा लावत व्हते."

"मला बी लागलं काल," हरेश्वर म्हणाला. "पायात चप्पल व्हती. म्हटलं, वूफरचा जोर हाय. इंजिनाला हात लावला तरी तसंच लागतं."

मी खाली बसले. कोरडा पाट आणि रबरी चप्पल. एवढ्यामुळेच ही दोन माणसं जिवंत राहून माझ्याशी बोलत होती. आयुष्यभर चालत्या इंजिनाला हात लावलेली माणसं. यंत्रानं हाताला धक्का द्यावा, यात त्यांना वावगं वाटण्याचं काही कारणच नव्हतं. उलट न देणारं यंत्र त्यांना अर्धमेलं वाटलं असतं.

"सगळे बाहेर व्हा," मी म्हणाले. "अंगणात. कोणीही कशालाही हात लावायचा नाही. मग मला काय शिव्या द्यायच्या त्या द्या."

अंगणात हातपंप होता. त्याच्या लोखंडी पाइपला मी लांब वायर बांधली आणि ती टेस्ट लॅम्पच्या एका टोकाला जोडली. दुसऱ्या टोकाला चिमटा लावून तो अँप्लिफायरच्या चेहऱ्याला अडकवला. बल्ब ओटीवर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. मग मेन स्विच वर केला.

संगीत सुरू झालं आणि बल्ब लख्ख पेटला. साठ वॅटचा, पूर्ण उजेडानं, भर दुपारी.

आजींनी बल्बकडे पाहिलं, मग त्याच्या वायरी कुठं जातात ते.

"याला प्लग नाही," मी म्हणाले. "एक वायर यंत्राच्या चेहऱ्याला आहे, एक जमिनीला. हा उजेड यंत्रातून जमिनीत चाललाय. बल्बच्या जागी हरेश्वरभाऊंचा हात असता. मग ते पडले म्हणून तुम्ही धरायला गेला असता. मग तुम्हाला धरायला हिरा."

हिरानं खाली बसकण मारली. मी मेन बंद केला, टीव्हीचा प्लग काढून उलटा करून घातला आणि पुन्हा मेन चालू केला. बल्ब पेटला नाही. तेच यंत्र, तेच संगीत. फक्त प्लगची बाजू बदलली होती. काल रात्री हरेश्वरनं तो घालताना कुठल्या बाजूनं घातला याचा त्यानं विचार केला नव्हता. कोणीच करत नाही.

"आधी का नाय व्हत व्हतं?" त्यानं विचारलं.

"आधी मधे डबी होती."

"ती डबी? मास्तरांनी काढली ती?"

"हो."

"मास्तरांना ठाऊक नव्हतं?"

इथं मला एक सोपी वाट होती. मास्तर तिथं नव्हते. मी म्हणाले, "त्यांना मी सांगितलं नव्हतं. तुम्हालाही नाही. डबी का लावलीय ते फक्त मला ठाऊक होतं, आणि मी काल पालघरला होते."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेपुढे मला लाज वाटली, आणि ती आजही वाटते. मग तो म्हणाला, "होडीवर एक माणूस असा असला, का फक्त तेलाच खडक कुठाय ते ठाऊक आनि तो बोलत नाय, तर तेला आमी दुसऱ्या दिवशी घेत नाय."

"बरोबर आहे," मी म्हणाले.

मास्तर एक वाजता कोणाची तरी स्कूटर मागून घेऊन पोचले. फोन शेवटपर्यंत लागला नव्हता, म्हणून दुकान बंद करून आले होते. अंगणात सगळे जिवंत बघितले आणि स्कूटर स्टँडला न लावता तशीच भिंतीला टेकवून ओटीवर बसले. आजींनी त्यांना पाणी दिलं. ते पाणी प्यायले आणि म्हणाले, "हरेश्वर, चूक माझी. दुसऱ्याचं काम मी न विचारता उघडलं." त्यांनी त्या दिवसापर्यंत माझ्यादेखत कधी चूक कबूल केली नव्हती. नंतरही फारशी केली नाही.

प्रश्न राहिला तो पूजेत यंत्र बंद पडल्याचा. तो माझ्या हातातला नव्हता. दोघं मायलेक कोपऱ्यात जाऊन हळू आवाजात बोलले. मग आजी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बुडता बुडता वाचलेल्या होडीला आमी दुसरा नारळ देतो. तुझ्या मशीनला बी देऊ. पन उद्या. आनि बंद ठेवून."

बंद ठेवून पूजा. त्या घरात हे पहिल्यांदाच झालं असावं.

मी तीन दिवस बसून नवा ट्रान्सफॉर्मर गुंडाळला. मोठा, भरपूर लोखंडाचा. त्यातून बेस अडला नाही, ही काही जादू नव्हे. पहिल्यापासून मी मोठा लावू शकले असते, लहान हाताशी होता म्हणून लावला होता. त्याच्या पत्र्यावर मी लाल रंगानं लिहिलं: "ही डबी काढली तर माणूस मरेल." मास्तरांनी ते वाचलं, ब्रश घेतला आणि खाली स्वतःची सही केली.

या प्रकरणातून मी शिकले ते एवढंच. काही होऊ नये म्हणून लावलेली वस्तू नीट काम करत असते तेव्हा काहीच होत नाही, आणि मग ती सगळ्यांना फालतू वाटायला लागते. ती लावणाऱ्यानं निदान तोंड तरी उघडावं. मी पुढची वीस वर्षं ते इतकं उघडलं की बोईसरमधली गिऱ्हाइकं हात जोडायची, "मॅडम, वायर जोडा, भाषण नको." मी भाषण संपवून वायर जोडायची.

पुढच्या वर्षी होड्या वर ओढल्यावर हरेश्वर दुकानात आला. मला वाटलं होतं येणार नाही. त्याचा पुढचा नग ठरलेला होता, मधला स्पीकर. मी कॅटलॉग काढला.

"ते नको," तो म्हणाला. "तू मागं अर्थिंग म्हणाली व्हतीस. ते किती मोठं असतं?"

अर्थिंग म्हणजे जमिनीत पुरलेली धातूची पट्टी आणि तिथपासून घरात आणलेली तार. यंत्राचा चेहरा तिला जोडला, की उद्या आत काही बिघडलं तरी करंट माणसाकडे न जाता जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. त्या गल्लीत एकाही घरात नव्हतं. खड्डा खणायचा, पट्टी ठेवायची, भोवती कोळसा आणि मीठ भरायचं. मीठ कशाला, म्हणून त्यानं विचारलं. ओल धरून ठेवायला, मी म्हणाले. मिठाची तर त्याच्याकडे पोतीच्या पोती होती, मासळीला लागायची ती. खड्डा त्यानं आणि भावानं एका सकाळी खणला, माझ्या सांगण्याहून दोन हात जास्त खोल.

आम्ही माती लोटणार इतक्यात आजी आल्या. हातात तांब्या, दर्याचं पाणी. या वेळी मला विचारायला त्या खड्ड्याच्या काठाशी थांबल्या.

"बाय, हेच्यावर थोडं शिंपडलं तर चालंल?"

"आजी, शिंपडताय काय," मी म्हणाले, "ओता. आणखी हंडाभर आणा. याला जितकं खारं पाणी घालाल तितकं ते तुम्हाला जास्त सांभाळेल."

त्यांनी तांब्या उपडा केला. मग पदर खोचून हंडा आणायला गेल्या.